चार वर्षांच्या पोराला 'सस्टेनेबल' काय सांगायचं? आधी आजीचा रुसवा काढा

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून एका आईने लिहिलंय: "ताई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. त्याच्या किटामध्ये (बालवाडीत) सध्या पर्यावरणाचा प्रोजेक्ट चालू आहे. सासूबाई गणपतीपर्यंत आमच्याकडे आल्यात. परवा त्या नळ सोडून भांडी विसळत होत्या तर हा जाऊन ओरडला, आजी तू पृथ्वीला मारतेस! त्या रुसून बसल्यात. वर हा रात्री झोपताना विचारतो, बर्फ वितळला की अस्वल मरणार का? एवढ्या लहान वयात हे सस्टेनेबल डेव्हलपमेंट वगैरे शिकवावं का, आणि शिकवायचं तर कसं?"

शिकवायचं, नक्की शिकवायचं. पण आधी अस्वलाचं बघू, ते जास्त घाईचं आहे.

या वयात उत्तर ध्रुव आणि पुढची गल्ली यातलं अंतर कळत नाही, त्यामुळे आजीने नळ सोडला म्हणून अस्वल मेलं असं सरळ गणित पोरं मांडतात आणि त्यावर विश्वासही ठेवतात. रात्री अकराला क्लायमेट चेंज समजावत बसू नका. "अस्वलांसाठी मोठी माणसं काम करतायत, तुझं काम उद्या सकाळी कुंडीला पाणी घालायचं" एवढं सांगा आणि दिवा मालवा. यात खोटं काहीच नाही. मोठ्यांनी निस्तरायच्या गोष्टी पोरांच्या उशाशी नेऊन ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. किटाच्या टीचरशीही बोला, भांडायला नाही, नेमकं काय दाखवलं ते विचारायला. मुलगा घाबरतोय हे त्यांना कळलं तर बहुतेक वेळा त्या स्वतःच सूर बदलतात.

आता शिकवायचं काय? संयुक्त राष्ट्रांची २०१५ साली ठरवलेली १७ उद्दिष्टं आहेत, २०३० पर्यंत गाठायची, त्यांचे रंगीत चौकोन बऱ्याच ठिकाणी भिंतीवर लावलेले दिसतात. छान दिसतात, पण साडेचार वर्षांच्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. त्याआधी १९८७ साली ब्रुंटलंड आयोगाने जी व्याख्या केली ती मात्र उपयोगाची आहे, की आजच्या गरजा भागवा पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणारच नाहीत असं करू नका. पुढची पिढी त्याला कळणार नाही, पण डब्यात चार लाडू आहेत आणि बाबा ऑफिसमधून यायचाय हे त्याला बरोब्बर कळतं. सगळे आत्ताच खाल्ले तर बाबाला काय? तिथून सुरुवात करा, आणि बरेच दिवस तिथेच राहिलात तरी हरकत नाही.

आणि आता सासूबाई. अहो, तुमच्या घरात आयती मास्तरीण येऊन बसलीय आणि पोरगं तिलाच शिकवायला निघालंय! तिकडे पाणी तासभर यायचं तेव्हा पहाटे उठून हंडे, कळश्या, पिंप भरून ठेवणारी ही पिढी. इकडे नळ कधी जातच नाही आणि वर गरम पाणी येतं, मग हात सैल सुटतो, कोणाचाही सुटेल. त्यांना पुढ्यात बसवा आणि नातवाला विचारायला लावा, आजी तुमच्याकडे पाणी यायचं बंद झालं की काय करायचात? बघा कशी खुलते गोष्ट. मग दुसऱ्या दिवशी सिंकला बूच लावून, पाणी भरून दोघांनी मिळून वाट्या-चमचे धुवायचे. गरम पाण्याचे पैसे वर्षाच्या नेबेनकोस्टनच्या, म्हणजे घरभाड्यावरच्या वरखर्चाच्या, हिशोबात दिसतात ते तुम्ही सासूबाईंना वेगळं सांगा, ते त्यांना अस्वलापेक्षा जास्त पटेल. मुलाला मात्र एक गोष्ट निक्षून सांगायची, घरात कोणी कोणाचा पोलीस नाही. नळ सुरू दिसला तर "आजी, मी बंद करू का?" असं विचारायचं. एवढंच.

करण्यासारखं सगळ्यात सोपं म्हणजे मेथी. मसाल्याच्या डब्यातले दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी खिडकीतल्या पसरट ट्रेमध्ये मातीवर पसरायचे आणि वर मातीचा पातळ थर. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत कोंब वर येतात, आणि एवढीच वाट बघायची ताकद या वयात असते (कोथिंबीर लावू नका, ती दोन आठवडे तोंड दाखवत नाही, तोवर पोरगं माती उकरून बघतं). मुंबईत वाळूतली समुद्रमेथी इवल्याशा जुड्या बांधून विकतात ना, साधारण तेवढी झाली की उपटायची. मुळांची माती त्यालाच धुवायला द्या, त्यासाठी किती पाणी लागतं ते तो आपोआप बघतो. मग ती आमटीत किंवा थालीपिठात टाका, आणि जेवताना कोणी पान टाकलं तर तोच "ही मी लावलीय" म्हणून सांगेल. निवडताना निघालेली मुळं, देठ बिओटोनेमध्ये, म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यात, तेही त्याच्याच हातून. फक्त ते 'कंपोस्टेबल' लिहिलेल्या पिशवीत भरून टाकू नका, बऱ्याच गावांत त्या चालत नाहीत. वर्तमानपत्राचा कागद चालतो. तुमच्या गावचे नियम आबफालकालेंडरमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या वेळापत्रकात, बघा, शेजारच्या गावापेक्षा वेगळे असू शकतात.

दुसरं म्हणजे फांड, रिकामी बाटली दुकानात परत केली की मिळणारी अनामत. जर्मनीत राहता आणि बाटल्या परत करायला पोराला नेत नसाल तर मोठी मजा घालवताय. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांना आणि कॅनला २५ सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला सहसा ८, पुन्हा भरायच्या पाण्याच्या बाटलीला १५. मशीन बाटली फिरवून बघतं, गिळतं, शेवटी चिठ्ठी देतं. मग एकाच मापाच्या दोन बाटल्यांना वेगवेगळे पैसे का, हे त्याने विचारलं की सांगायचं, ही धुऊन पुन्हा भरतात, ती मोडून नवीन काहीतरी करतात. वस्तू कुठून येते आणि कुठे जाते, या वयाला एवढा अभ्यासक्रम भरपूर झाला. काचेच्या बरण्यांचं तसंच, पांढरी, हिरवी, तपकिरी वेगळी टाकायची, रंग शिकून होतात. फक्त रविवारी जाऊ नका, काचेचा आवाज झाला की शेजारी खिडकीतून बघतात!

यात एक बाजू हमखास राहून जाते, ती माणसांची. सस्टेनेबल म्हटलं की झाडं, पाणी, कचरा इतकंच आठवतं, पण सगळ्यांना नीट जगता यावं हाही त्याचाच भाग आहे. जर्मन शहरांत लोक रिकामी फांडची बाटली कचरापेटीत न टाकता बाजूला ठेवतात, गोळा करणाऱ्याला आत हात घालावा लागू नये म्हणून. मुलाला एकदा त्याच्या हाताने तशी ठेवू द्या आणि कोणासाठी ते सांगा. पुण्याला जात असाल तर तिथे कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ ची आणि त्यातून 'स्वच्छ' २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करतेय. ओला-सुका वेगळा करून डबा नातवाच्या हातात द्यायचा आणि दारात येणाऱ्या मावशींना नमस्कार करायला सांगायचं. "ई, घाण" म्हणणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत आणि ते ती आपल्याकडूनच शिकतात.

खरेदीबद्दल फार लिहीत नाही. पर्यावरणाच्या नावाखाली लाकडी खेळण्यांचा नवा ढीग घरी आणणं मला तरी हास्यास्पद वाटतं. किंडरबझारमधून, म्हणजे मुलांच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून, जुने बूट, जुनी माचहोजे (चिखलात खेळायची पँट) आणा, आपल्या आया बोहारणीला जुने कपडे देऊन पातेली घ्यायच्याच की. मंडळाच्या कार्यक्रमाला मात्र आवाज उठवा, आपापलं ताट-वाटी घेऊन या असं आमंत्रणातच लिहा. पहिल्या वर्षी चारजण नाक मुरडतील.

सासूबाई गणपतीपर्यंत आहेतच, तर मूर्ती दोघांना घरीच करू द्या. क्राफ्टच्या दुकानात कुंभारकामाची साधी माती, टोन, मिळते ती घ्या, हवेवर आपोआप घट्ट होणारी नको, तिच्यात काही मिसळलेलं असलं तर ती पाण्यात विरघळत नाही. सोंड पडेल, कान लहानमोठे होतील, होऊ द्या. ॲक्रिलिक रंग नकोत, हळद-कुंकू पुरे. मूर्ती पूर्ण वाळलेली असली तर बादलीत ती लवकर विरघळते, ओली राहिली तर गोळा तसाच बसतो आणि पोरगं हिरमुसतं. ते गढूळ पाणी कुंड्यांना घाला, सिंकमध्ये ओतू नका, माती पाइपात जाऊन बसते आणि इकडे प्लंबर बोलवायला काय पडतं ते तुम्हाला माहितीच आहे.