करोनानंतरचा वास, विसर आणि धडधड

प्रश्न : करोना होऊन तीन महिने झाले. वास पूर्ण गेला होता, तो महिन्याभराने थोडा आला. पण आता कॉफी आणि परतलेला कांदा जळक्या रबरासारखा वाटतो. विषाणूने मेंदूतलं वासाचं केंद्रच खराब केलं का?

उत्तर : बिघाड बहुधा नाकाच्या छताशी आहे, मेंदूत नाही. तिथे वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांची देखभाल करणाऱ्या आधारपेशी. विषाणूला आत शिरायला एसीई-२ हे प्रथिन लागतं. ते आधारपेशींवर असतं, चेतापेशींवर जवळजवळ नसतंच. म्हणून आधी आजारी पडते ती देखभाल करणारी मंडळी. ती पुन्हा उभी राहिली की बहुतेकांना काही आठवड्यांत वास येऊ लागतो. चेतापेशीही गेल्या असतील तर मुळाशी असलेल्या पेशींपासून नव्या तयार होतात आणि त्यांचे तंतू हाडाच्या चाळणीतून वर मेंदूकडे जातात. अर्धवट वाढलेली जाळी अर्धवट संदेश पाठवते, आणि कॉफीचं रबर होतं. त्रासदायक असलं तरी हे बऱ्याचदा दुरुस्ती चालू असल्याचं लक्षण असतं.

गंधसराव करा. चार छोट्या गडद बाटल्यांत कापसाचा बोळा ठेवून त्यावर अनुक्रमे गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांच्या सुगंधी तेलाचे काही थेंब टाका व बाटल्यांवर नावं लिहा. सकाळी आणि रात्री प्रत्येक बाटली नाकाजवळ धरून सुमारे २० सेकंद हलके हलके हुंगा. जोरात ओढलेल्या श्वासाने काही जास्त कळत नाही. दोन बाटल्यांच्या मध्ये अर्धा मिनिट थांबा. हुंगताना तो वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करा. मोबाइल बघत केलेला सराव फुकट जातो. किमान १२ आठवडे हे चालवा. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात, तिथेच गाडी अडते. तेलाचा वास उडून जातो, म्हणून झाकणं घट्ट लावा आणि बोळे अधूनमधून बदला. तेल नाकात मात्र कधीही टाकू नका. झिंकच्या गोळ्यांचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही.

वास नीट येत नाही तोवर गॅसगळतीची आणि धुराची सूचना देणारी यंत्रं घरात बसवून घ्या.

प्रश्न : सहा महिने झाले, बोलता बोलता शब्द सापडत नाहीत आणि हिशेब चुकतात. एमआरआय नॉर्मल आला. सगळे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

उत्तर : ते म्हणतात म्हणून मानू नका. एमआरआयमध्ये पक्षाघाताचा डाग, गाठ, सूज दिसते. विचारांचा मंदावलेला वेग त्यात दिसत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांचे दोन-दोन स्कॅन तुलनेला होते, आणि त्यांतल्या ४०१ जणांना मधल्या काळात करोना झाला होता. या गटात वासाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांत ०.२ ते २ टक्के इतका जादा बदल सापडला. हा गटाच्या सरासरीतला फरक आहे. एकट्याच्या फिल्मवर तो ओळखता येत नाही, म्हणून 'नॉर्मल' अहवाल आणि खरा त्रास एकाच वेळी असू शकतात. रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातल्या द्रवात खुद्द विषाणू क्वचितच सापडतो. संशय आहे तो रेंगाळलेल्या दाहावर आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या इजेवर.

पण सगळं करोनावर ढकलण्याआधी इतर कारणं तपासून घ्या : बी-१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), रक्तातली साखर. घोरणं आणि झोपेत श्वास अडणं, नैराश्य, झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या यांनीही अगदी असंच होतं, आणि ही कारणं उपचारांनी हटतात.

थोडं जास्त काम झालं की त्याच दिवशी नव्हे, तर १२ ते ४८ तासांनी अंग आणि डोकं दोन्ही कोसळतं का, हे वहीत लिहून पाहा. तसं असेल तर 'जोर लावून व्यायाम' हा सल्ला तुम्हाला घातक आहे. बरं वाटणाऱ्या दिवशी सगळी तुंबलेली कामं उरकायची आणि पुढचे तीन दिवस पडून राहायचं, हा फेरा आधी मोडा. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं पडून विश्रांती, आणि दमायच्या आत थांबणं. बौद्धिक कामालाही हाच नियम लावा. पडून मोबाइल पाहणं विश्रांतीत धरू नका.

प्रश्न : उभं राहिलं की छाती धडधडते, डोकं हलकं होतं. ईसीजी ठीक आहे.

उत्तर : ईसीजी तुम्ही आडव्या असताना काढतात, त्रास उभं राहिल्यावर होतो! इथे शंका घ्यावी ती हृदयगती आणि रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेवर. दहा मिनिटं शांत पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर पुढे ठेवून उभं राहा आणि दहा मिनिटं दर मिनिटाला दोन्ही मोजा. पाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. शेजारी कुणीतरी असू द्या. चक्कर आली तर ताबडतोब बसा. रक्तदाब फारसा न उतरता नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०) तर आकडे डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाचा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर आजार वेगळा आहे आणि उपायही वेगळा.

दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी आणि कंबरेपर्यंतचे घट्ट मोजे यांनी फरक पडतो. व्यायाम आधी आडवं पडूनच सुरू करायचा. मीठही वाढवतात, पण उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ आणि पाणी दोन्ही वाढवू नका.

प्रश्न : भावाचा ताप जाऊन दोन आठवडे झाले. कालपासून तळव्यांना मुंग्या येतात आणि आज जिना चढताना गुडघे मुडपतात. अशक्तपणा असेल का?

उत्तर : थांबू नका, आजच रुग्णालयात न्या. पायांपासून वर चढणारी कमजोरी म्हणजे गियां-बारे सिंड्रोम असू शकतो. करोनानंतर तो क्वचितच होतो. शरीराचीच प्रतिकारशक्ती त्यात चेतातंतूंवर हल्ला करते, आणि कमजोरी श्वासाच्या स्नायूंपर्यंत चढू शकते. त्यामुळे तिथे नाडीइतकीच फुप्फुसांची ताकद वेळोवेळी मोजावी लागते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका, तो फार उशिरा उतरतो. इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) शिरेतून देणं किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं हे उपचार लवकर सुरू झाले तरच जास्त उपयोगी पडतात.