ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज जुनी स्पोर्ट्स कार: वाचकांचे प्रश्न

जुन्या स्पोर्ट्स कारविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांचा सूर अलीकडे बदलला आहे. पूर्वी वाचक रविवारी सकाळी पाम बीच रस्त्यावर फेरी मारण्यापुरत्या गाडीबद्दल विचारत असत. आता तीच गाडी सोमवारी कामावर नेता येईल का, असे विचारतात. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहे.

प्रश्न: मी नेरुळला राहतो आणि माझे कार्यालय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे. २००६ सालची एक पोर्शे बॉक्स्टर विकायला आहे. मालकाने ती फारच कमी चालवली आहे. मला ती रोज कामावर न्यायची आहे, परंतु ही हौस परवडणार नाही, असे घरच्यांचे म्हणणे आहे. आपला सल्ला काय?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर: गाडी कमी चालल्याचा उल्लेख आपण गुण म्हणून केला आहे, माझ्या मते तपासणीची सुरुवात तेथूनच करावी. रबरी होज, ऑईल सील, टायर, बुश आणि ब्रेक ऑईल यांचे आयुष्य किलोमीटरपेक्षा वर्षांवर अधिक अवलंबून असते, आणि कव्हराखाली महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत या सर्व वस्तू एकाच वेळी संपत आलेल्या असतात. रोज चालणारी, इंजिन पूर्ण तापेपर्यंत धावणारी आणि वेळच्या वेळी ऑईल बदललेली गाडी, तिच्या ओडोमीटरवरचा आकडा मोठा असला तरी, मी अधिक विश्वासाने घेईन. म्हणून आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. ही गाडी रोज चालवता येते आणि रोज चालणे तिला मानवतेही. मात्र खरेदीच्या रकमेखेरीज, काळाने थकलेल्या या वस्तू पहिल्याच वर्षी बदलण्यासाठी वेगळी रक्कम हाताशी असली पाहिजे. ती नसेल, तर घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे.

आपल्या वाटेवर या गाडीची खरी परीक्षा वेगात होणार नाही. ती विटाव्याच्या आणि कळव्याच्या कोंडीत, मे महिन्यात, एसी चालू असताना होईल. बॉक्स्टरचे इंजिन आसनांच्या मागे असले तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत, आणि बंपरच्या तोंडातून आत गेलेला पालापाचोळा, प्लास्टिकचे तुकडे व चिखल तेथे साचून ओला राहतो. त्यामुळे हवा अडते आणि रेडिएटरची जाळी कुजते. खरेदीपूर्वी बंपर उतरवून हा भाग पाहण्याची परवानगी मागावी. विक्रेता नकार देत असेल, तर दुसरी गाडी पाहावी. आणखी एक सोपी तपासणी आपण स्वतः करू शकता. गाडी उभी ठेवून एसी चालू केल्यावर पुढचे दोन्ही पंखे मंद गतीने फिरू लागले पाहिजेत. त्यांच्या मंद गतीसाठी असलेला रेझिस्टर जळणे हा या गाड्यांचा नेहमीचा दोष आहे. तो जळला की इंजिन बरेच तापून पंखे पूर्ण वेगाने सुरू होईपर्यंत हवा मिळत नाही. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीलाही जुनेपणामुळे तडे जातात, आणि डिक्कीतील गालिचा ओला लागत असेल तर त्याचे कारण बहुधा तेच असते.

इंजिनातील साखळ्या फिरवणाऱ्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगबद्दल आपण ऐकले असेलच. ते तुटले तर संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते, हे खरे आहे. सुमारे २००५ पर्यंतच्या इंजिनांत ही भीती अधिक होती, परंतु तेथे क्लच काढलेला असतानाच बेअरिंग बदलता येते. त्यानंतर २००८ पर्यंत बसवलेले मोठे बेअरिंग बदलण्यासाठी इंजिनच पूर्ण खोलावे लागते. सुदैवाने ते क्वचित बिघडते. २००९ च्या नव्या इंजिनापासून हा भागच उरला नाही. आपण पाहिलेल्या गाडीत नेमके कोणते इंजिन आहे, हे त्याच्या क्रमांकावरून निश्चित करून घ्यावे, आणि ऑईल फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का, हे जाणकार मेस्त्रीकडून तपासून घ्यावे.

कागदपत्रांचा खर्चही गाडीच्या किमतीइतक्याच गांभीर्याने पाहावा. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर फिटनेस तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते; म्हणजे २००६ मध्ये नोंदलेल्या गाडीचे दुसरे नूतनीकरण २०२६ मध्ये येते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील वाहनांचे नूतनीकरण शुल्क वाढवले असून ते देशी मोटारीला १०,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला ८०,००० रुपये आहे. राज्याचा पर्यावरण कर त्याखेरीज भरावा लागतो. हा आकडा व्यवहाराची किंमत ठरवतानाच विक्रेत्यापुढे मांडावा. दिल्ली परिसरातील डिझेल गाड्यांसाठीची १० आणि पेट्रोल गाड्यांसाठीची १५ वर्षांची अट महाराष्ट्रात लागू नाही, त्यामुळे त्या कारणाने घाबरण्याची गरज नाही.

आपल्याला एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग अवश्य करावा. नेरुळहून ठाण्याला थेट लोकल आहे. अतिवृष्टीच्या दिवशी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचते, आणि त्या दिवशी इतक्या कमी उंचीची गाडी घराबाहेर काढू नये. इंजिनात पाणी शिरल्यानंतर पुन्हा स्टार्टर मारल्याने होणारे नुकसान साध्या सर्वंकष विम्यात सहसा भरून मिळत नाही; त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड लागते, आणि जुन्या गाड्यांना ती मिळणे कठीण जाते. जिथे लोकलचा पर्याय नाही, अशा घराने दोन आसनांची जुनी गाडी एकमेव वाहन म्हणून ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न: माझ्याकडे २००४ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे आणि मानपाड्याहून मी ती रोज घोडबंदर रस्त्याने चालवतो. आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याने इंजिन खराब होईल का? सुटे भाग मिळत राहतील का?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: आपल्या गाडीचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन या पेट्रोलवर चालेल, आणि लगेच बंदही पडणार नाही. फ्युएल इंजेक्शन व ऑक्सिजन सेन्सर असल्यामुळे पेट्रोल आणि हवेचे प्रमाण काही मर्यादेत आपोआप जुळवले जाते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना ही सोय नसते. इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य जास्त असल्याने टर्बो इंजिनाला त्याचा थोडा लाभच होतो. काळजी करायची ती इंधनाच्या वाटेची. त्या काळातील रबरी नळ्या, ओ-रिंग आणि पंपाचे भाग इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. ते हळूहळू फुगतात, कडक होतात आणि तडकतात. इंजिनाजवळच्या सर्व इंधन नळ्या फ्लुओरोइलास्टोमरचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) अस्तर असलेल्या नव्या नळ्यांनी बदलून घ्याव्यात. इथेनॉल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला थर सुटा करते, म्हणून फ्युएल फिल्टरही नेहमीच्या मुदतीपेक्षा लवकर बदलावा. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर ‘जुनी गाडी आहे, येणारच’ असे समजून ती चालवत राहू नये. आगीचा धोका हा या सर्व विषयातील एकमेव असा धोका आहे, ज्याच्या बाबतीत उद्यावर ढकलणे मला अक्षम्य वाटते.

इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे असे पेट्रोल भरून गाडी दोन-तीन महिने उभी ठेवणे वाईट. आपण ती रोज चालवता, ही चांगली गोष्ट आहे. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने शुद्ध पेट्रोलपेक्षा ॲव्हरेज साधारण ६ ते ७ टक्के कमी मिळणे स्वाभाविक आहे. त्याहून जास्त घट दिसली, तर दोष अन्यत्र शोधावा.

या इंजिनाचे माझ्या दृष्टीने दोन कच्चे दुवे आहेत. एक म्हणजे ऑईल पंपाची जाळी, जी हलक्या प्रतीच्या किंवा उशिरा बदललेल्या ऑईलच्या गाळाने चोंदते. फुल सिंथेटिक ऑईल वापरावे आणि इतक्या वर्षांत कोणी इंजिनाखालचे ऑईलचे भांडे (संप) उतरवून जाळी धुतली नसेल, तर ते काम आधी करावे. दुसरा म्हणजे टायमिंग बेल्ट आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात, म्हणून पंप, टेन्शनर आणि बेल्ट एकत्रच बदलावेत. सुट्या भागांची मात्र फार चिंता नको. याच कुटुंबातील इंजिन फोक्सवॅगन आणि ऑडीच्या अनेक गाड्यांत होते, त्यामुळे भागाच्या क्रमांकावरून शोधल्यास बरेच काही मिळते. काच, दिवे किंवा आतील प्लास्टिकसाठी कुर्ल्याचा जुन्या सामानाचा बाजार उपयोगी पडतो. परंतु ब्रेक, स्टिअरिंग आणि इंधनाशी संबंधित कोणताही भाग तेथून वापरलेला आणू नये.

प्रश्न: माझी २००५ ची बीएमडब्ल्यू झेड-४ सोसायटीत झाडाखाली उघड्यावर उभी असते. कापडी छत आता मध्येच अडकते. पावसाळ्यापूर्वी काय करावे?
— एक वाचक, खारघर

उत्तर: सर्वप्रथम गाडी झाडाखालून हलवावी. छत घडी होऊन बसते त्या जागेतून पावसाचे पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या पानांनी आणि फुलोऱ्याने बुजतात, पाणी तळाशी तुंबते, आणि या मॉडेलमध्ये छताचा हायड्रॉलिक पंप नेमका तेथेच बसवलेला आहे. तो पाण्यात बुडाला की छत अडकू लागते आणि अखेरीस पंप जळतो. नळ्यांचे तोंड साफ करून वरून थोडे पाणी ओतावे आणि ते चाकांजवळ बाहेर पडते का, हे पाहावे. तारेने जोरात टोचू नये, कारण नळी सांध्यातून निसटते आणि मग पाणी थेट आत येते. पंप नवा बसवताना अनेक जण तो डिक्कीत, कोरड्या जागी हलवून घेतात, आणि आपल्याकडचा पाऊस पाहता तेच शहाणपणाचे आहे.

पावसाळ्यात प्लास्टिकचे कव्हर घालू नये, कारण त्याखाली ओल कोंडते आणि कापडाला बुरशी येते. खाडीच्या खाऱ्या हवेमुळे खालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा आणि चाकांवरील कडा दर काही महिन्यांनी गोड्या पाण्याने धुऊन तपासाव्यात. टायरच्या बाजूवरील चार आकडेही वाचावेत: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर कडक झालेला असतो, आणि मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी ओल्या उड्डाणपुलावर अशा टायरने सहज घसरते.

प्रश्न: माझा मुलगा जपानमध्ये नोकरी करतो. तेथून १९९० ची माझदा एमएक्स-५ आणून सानपाड्यात रोज वापरता येईल का?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर: दुर्दैवाने नाही. वापरलेली मोटार भारतात आणताना ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशी अट आहे. १९८९ मध्ये आलेली ही गाडी हलकी, साधी आणि टिकाऊ असल्याने अनेक देशांत लोक आजही ती रोज वापरतात, हे मला ठाऊक आहे आणि आपली इच्छा मी समजू शकतो. तिच्यासारखा हलकेपणा हवा असेल, तर भारतात आधीच नोंदलेली आणि कागदपत्रे स्वच्छ असलेली गाडीच शोधावी. ‘कागद नंतर करून देऊ’ असे सांगणाऱ्याशी व्यवहार करू नये.

प्रश्न: आजोबांची १९६० च्या दशकातील उघड्या छताची स्टँडर्ड हेराल्ड दुरुस्त करून मी नौपाड्यात वापरते. ती व्हिंटेज म्हणून नोंदवावी का?
— एक वाचिका, नौपाडा

उत्तर: आपण ती बाजारहाट आणि कामासाठी चालवत असाल, तर नोंदवू नये. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपातील वाहनाला १० वर्षांची व्हिंटेज नोंदणी मिळते, परंतु असे वाहन नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच मुभा असते. आपली सध्याची नोंदणी चालू असेल, तर ती मुदत संपण्याआधीच नेहमीच्या पद्धतीने वाढवून घ्यावी.

हेराल्डला काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही, पण ट्रायम्फ स्पिटफायर हिच्याच आखूड केलेल्या चॅसिसवर उभी राहिली, म्हणून तिला या स्तंभात मानाची जागा आहे. सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते, त्यामुळे गोखले रस्त्यालगतच्या गल्ल्यांत आजच्या अनेक गाड्यांपेक्षा ती सोयीची आहे, आणि पूर्ण बॉनेट पुढे उलटत असल्याने मेस्त्रीला काम करायला मोकळी जागा मिळते. सावधगिरी मागच्या चाकांबाबत बाळगावी. तिच्या स्विंग ॲक्सलमुळे (चाकासोबत वर-खाली झुलणाऱ्या ॲक्सलमुळे) वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडल्यास मागचे चाक आत दुमडते आणि गाडी मागून घसरते. म्हणून गायमुखच्या उतारावर वळणाआधीच वेग कमी करावा, वळण घेताना ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवावा, आणि ड्रम ब्रेकना थांबण्यासाठी जास्त अंतर लागते हे लक्षात घेऊन पुढच्या गाडीपासून लांब राहावे. कार्ब्युरेटरचे जेट आताच्या पेट्रोलनुसार जुळवून घ्यावेत, कारण इथेनॉलमुळे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडून कोंडीत इंजिन तापते. पुढच्या आसनांना तीन ठिकाणी अडकणारे पट्टे नसतील, तर पुढच्या दुरुस्तीची सुरुवात त्यापासून करावी.