मलबार, रिमपॅकसारख्या नौदल सरावांत फोटो काढण्यापलीकडे काय चालतं?

मलबार हा भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलियाचा एकत्र नौदल सराव, तर रिमपॅक हा अमेरिका प्रशांत महासागरात भरवते तो अनेक देशांचा सराव. त्यांच्याबद्दल तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. देशोदेशीच्या युद्धनौका एका ओळीत चालताना दिसतात, त्यापलीकडे या सरावांत काय होतं? एवढं इंधन जाळून समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना काय मिळतं? आणि असे सराव करून आपण अमेरिकेच्या गोटात गेलो का?

मी नौदलात सिग्नल शाखेत होतो. निवृत्तीनंतर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. इथल्या महाराज बाडा चौकात चहाला बसलं की हे प्रश्न कोणी ना कोणी काढतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओळीतला तो फोटो खरा असतो, पण सरावातलं सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम तेच. सरावाचे दोन टप्पे असतात. बंदरातल्या टप्प्यात बैठका, एकमेकांच्या जहाजांवर जाणं-येणं आणि खेळाचे सामने होतात. समुद्रातल्या टप्प्यात तोफांचा मारा, पाणबुडीचा शोध, एकमेकांच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवणं हे सगळं येतं. माझं मत विचाराल तर यात सर्वांत मोलाचं काम म्हणजे चालत्या जहाजावरून चालत्या जहाजाला तेल देणं. नौदलात त्याला ‘रास’ म्हणतात.

टँकर आपली दिशा आणि वेग पक्का धरतो, साधारण १२ ते १५ नॉट (तासाला १२ ते १५ सागरी मैल). तेल घेणारी नौका मागून येते आणि त्याच्या बाजूला ४०-५० मीटरवर समांतर लागते. टँकरच्या डोलकाठीवर ‘रोमिओ’ ध्वज पूर्ण वर चढला की जवळ यायची परवानगी मिळाली. मग शिट्टी होते, डेकवरची माणसं आडोशाला जातात आणि बंदुकीतून एक बारीक दोरी पलीकडे सुटते. बारीक दोरीला जाड दोर, दोराला पोलादी तार आणि तारेवरून तेलाचा होज, म्हणजे जाड नळी. तेल वाहू लागलं की लाल ‘ब्राव्हो’ फडकतो. दोन्ही जहाजांच्या मधलं पाणी अरुंद जागेतून जोरात धावतं, तिथला दाब उतरतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. हजारो टनांचं धूड हातभर सरकलं तरी ते जाणवतं. मध्ये ताणलेल्या दोरीवर ठरावीक अंतरावर रंगीत फडकी बांधलेली असतात, त्यावरून अंतर वाचत सुकाणूवाल्याला एकेका अंशाच्या सूचना चालू असतात. तेवढा वेळ ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, कामाशिवाय कोणी अक्षर बोलत नाही.

आता हेच परदेशी टँकरबरोबर करायचं म्हटलं तर किती गोष्टी जुळाव्या लागतात बघा. होजचं तोंड आपल्या जोडणीत बसलं पाहिजे. शिट्ट्यांचा आणि ध्वजांचा अर्थ दोघांनी एकच घेतला पाहिजे. अचानक इंजिन बिघडलं तर आधी काय सोडायचं आणि कोणी कुठे वळायचं, हे दोन्ही ब्रिजवर तोंडपाठ हवं. हे कागदावर वाचून येत नाही, करूनच येतं. कागदाचं कामही मागाहून झालंच: २०१६ मध्ये अमेरिकेशी आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया व जपानशी भारताने एकमेकांना इंधन आणि रसद पुरवण्याचे करार केले. घरापासून हजारो मैलांवर असलेल्या आपल्या जहाजाला मित्रदेशाच्या टँकरवरून तेल घेता येणं आणि त्याचा हिशेब नंतर चुकता करता येणं, याची किंमत खलाशाला विचारा.

सराव म्हणजे लुटुपुटूची लढाई असंही समजू नका. १९९६ च्या रिमपॅकमध्ये जपानच्या ‘युगिरी’ या विनाशिकेने नेमबाजीसाठी लक्ष्य ओढत नेणारं अमेरिकी विमानच पाडलं. दोन्ही वैमानिक बाहेर उडी मारून वाचले. तोफ कधी उघडायची आणि कधी आवरायची, याचा समन्वय किती बारीक लागतो ते यातून कळतं.

पाणबुडीच्या शोधाबद्दल थोडं सांगतो, कारण त्यात आपला समुद्र वेगळा आहे. ऊन चढलं की पाण्याचा वरचा थर तापतो आणि सोनारचा, म्हणजे पाण्यात आवाज सोडून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, आवाज खाली वाकतो. सकाळी जो पल्ला मिळाला तो दुपारनंतर मिळत नाही. खालच्या थंड थराच्या आडोशाला पाणबुडी लपून बसते. जपान्यांचा अनुभव मुख्यतः त्यांच्याकडच्या समुद्राचा, आपला अरबी समुद्राचा आणि बंगालच्या उपसागराचा. एकाच पाणबुडीमागे दोघं लागले की दोघंही नवीन शिकतात. आपली पी-८आय आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियाची पी-८ए ही पाणबुड्या शोधणारी, एकाच घराण्यातली विमानं, त्यामुळे तिथली देवाणघेवाण सोपी जाते. मात्र कोणीही आपलं सगळं उघड करत नाही. खऱ्या युद्धात वापरायच्या फ्रिक्वेन्सी आणि रडारचे डाव प्रत्येक जण झाकूनच ठेवतो, मित्र असला तरी.

आपल्याला काय मिळतं? भारताचा परदेशी व्यापार वजनाने पाहिला तर सुमारे ९५ टक्के समुद्रमार्गे चालतो. आपल्याला लागणारं बहुतांश कच्चं तेल जहाजानेच येतं, ग्वाल्हेरच्या पंपावरचं डिझेलही त्यातूनच. शिवाय २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आठवा. भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चौघांनी काही दिवसांतच मदतीसाठी एकत्र गट उभा केला. आपली जहाजं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत गेली. ऐन संकटात ओळखपाळख करून घ्यायला वेळ नसतो. इंधनाचं म्हणाल तर सराव असो-नसो, जहाजांना समुद्रात जावंच लागतं. बंदराला बांधून ठेवलेल्या जहाजावरची माणसं शिकलेलं विसरतात.

राहिला गोटाचा प्रश्न. अमेरिकेचे जपान आणि ऑस्ट्रेलियाशी लष्करी तह आहेत, भारताचा तसा तह कोणाशीच नाही. मलबार १९९२ मध्ये भारत आणि अमेरिका या दोघांतच सुरू झाला. १९९८ च्या पोखरणनंतर अमेरिकेने तो थांबवला, २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. २००७ मध्ये बंगालच्या उपसागरात जपान, ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूर आले, चीनने नाराजी कळवली आणि ऑस्ट्रेलिया पुढची कित्येक वर्षं आला नाही. जपान २०१५ पासून कायमचा झाला, ऑस्ट्रेलिया २०२० मध्ये परतला. तह असता तर इतकी ये-जा झाली नसती. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेची एफ-१५ विमानं आपल्या महाराजपूरच्या हवाई तळावर सरावाला आली होती, इथल्या जुन्या मंडळींना ते आठवत असेल. त्यानेही आपण कोणाच्या पंखाखाली गेलो नाही. रशियाबरोबरचा ‘इंद्र’ सराव २००३ मध्येच सुरू झाला होता, आणि मलबारमध्ये जपान-ऑस्ट्रेलिया आले म्हणून आपण तो सोडला नाही.