आवडत्या लेखिकेला पत्र लिहू का?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार, खूप दिवस लिहू का नको असं चाललं होतं. मी ४६ वर्षांची आहे, नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका लेखिकेचा साप्ताहिक कॉलम मी कितीतरी वर्षं वाचतेय, तो पेपर आमच्या गावात येत नाही म्हणून फोनवरच वाचते, शनिवारी सकाळी चहा ठेवायच्या आधी लेख आला का बघायचं आणि नसेल आला तर परत परत बघायचं. त्यांचे जुने लेख शोधून शोधून वाचलेत, काही तर पाठ झालेत. माझे वडील गेले तेव्हा घरात सगळे रडत होते आणि मला रडूच येत नव्हतं, मग महिन्याभराने त्यांचा एक लेख वाचनात आला, त्यांच्या वडिलांच्या चष्म्याच्या घराबद्दल, आणि मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ढसाढसा रडले. तेव्हापासून त्या मला घरच्याच वाटतात. मिस्टर म्हणतात अगं त्या बाईला तू माहीत पण नाहीस, तू मात्र त्यांच्या तब्येतीची काळजी करतेस. खरंच करते, दोन आठवडे लेख आला नव्हता तर जेवण गोड लागत नव्हतं. आता झालंय असं की गेल्या महिन्यात त्यांनी सरकारी शाळांवर लिहिलं, शिक्षक वर्गात नसतातच असा एकूण सूर होता, आणि मला इतकं लागलं की काय सांगू, जवळच्या माणसाने बोलावं तसं. तर प्रश्न असा की मी त्यांना पत्र लिहू का, लिहिलं तर काय लिहू, नाराजी लिहू का नको, आणि दिवाळीत पुण्याला जाणार आहे तर त्यांच्या घरी जाऊन भेटले तर चालेल का? हे सगळं जरा जास्तच होतंय का हो?

उत्तर : जास्त वगैरे काही होत नाहीये, ते आधी मनातून काढून टाका. ज्या लेखाने तुम्हाला वडिलांसाठी रडता आलं त्या लेखाची लेखिका तुम्हाला घरची वाटली यात विचित्र काय आहे, मला तर उलट वाटतं की लिहिणाऱ्या माणसाला याहून मोठं काही मिळत नाही.

मिस्टर म्हणतात तेही खरं आहे, त्या तुम्हाला ओळखत नाहीत. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ मध्ये, म्हणजे टीव्ही नवा होता तेव्हा, नेमकं यावरच लिहिलं होतं, की पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटून बघणाऱ्याला त्याची जवळीक वाटायला लागते, आणि ही जवळीक एकाच बाजूने असते. पण त्यांनी याला सरसकट आजार म्हटलेलं नाही. अशा नात्याने आयुष्यात भर पडते तोवर ठीक, आजूबाजूच्या खऱ्या माणसांची जागाच ते घ्यायला लागलं तर काळजी करा, असं साधारण त्यांचं म्हणणं. तुमची शाळा आहे, मुलं आहेत, चिडवणारे का होईना मिस्टर आहेत, म्हणजे तुमच्याकडे भरच पडतेय.

आता पत्र. लिहाच. आणि ‘तुमचे लेख खूप आवडतात, असेच लिहीत राहा’ एवढ्यावर थांबू नका, तसे मेल त्यांना भरपूर येत असणार, ते वाचून बरं वाटतं आणि विसरायला होतं. चष्म्याच्या घराचा लेख कुठे बसून वाचला, त्यातलं कुठलं वाक्य आलं आणि डोळे भरले, ते लिहा. आपलं कुठलं वाक्य कुठे जाऊन पोचलं हे लेखकाला कधीच कळत नाही हो, लेख डेस्कला, म्हणजे पेपरात संपादन करणाऱ्यांना पाठवला की तो गेलाच, वाचणारी माणसं दिसत नाहीत. ते फक्त वाचकच सांगू शकतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की आवडलं असेल तर नेमकं काय आवडलं ते कळवा.

सोबत एक प्रश्न पण विचारा. जयंत नारळीकर सरांची एक पद्धत होती. शाळेतली मुलं सही मागायला आली की ते सांगायचे, तुझा एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर पाठवेन आणि त्याखाली माझी सही असेल. म्हणजे मुलाला आधी विचार करायला लागायचा, आणि मग जे कार्ड यायचं त्यात सहीबरोबर त्याच्याच प्रश्नाचं उत्तर असायचं. इतकं प्रेमाने चाहत्यांना वागवणारा माणूस विरळा. मे २०२५ मध्ये सर गेले तेव्हा कितीजणांना आपलं ते पोस्टकार्ड आठवलं असेल! तुम्हीसुद्धा तुमच्या लेखिकेला काहीतरी खरं विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला हवंच आहे.

आता नाराजीचं. ती लिहायचीच आहे आणि सगळ्यात जास्त नीट लिहायची आहे, कारण इथे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहितीय. एक गोष्ट आधी तपासा. लेखाचं शीर्षक बहुतेक वेळा लेखक देत नाही, डेस्क देतं, आणि ऑनलाइन टाकताना ते कधीकधी आणखी तिखट केलं जातं, तेव्हा तुम्हाला जे लागलं ते शीर्षक होतं का आतला मजकूर होता हे बघा. मजकूरच असेल तर मग शिक्षिका म्हणून लिहा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ मध्ये शिक्षकांना शाळेबाहेरची कामं देऊ नयेत असं म्हटलंय, पण त्याच कलमात दशवार्षिक जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका या तिन्हीला सूट आहे, आणि निवडणुका म्हटलं की लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, सगळंच त्यात आलं. मतदार याद्यांच्या कामासाठी दुपारच्या उन्हात दारोदार कोण फिरतं हे पुण्यात बसून लिहिणाऱ्या माणसाला दिसेलच असं नाही. तुमच्या शाळेत किती शिक्षक आहेत, त्यातले कुठल्या महिन्यात किती बाहेर असतात, त्या दिवशी बाकीचे वर्ग कोण सांभाळतं, हे सगळं साधेपणाने लिहा. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ हे वाक्य मात्र नको. त्याने समोरचा माणूस बचावाला लागतो आणि तुमची माहिती बाजूला पडते. एकाच मेलमध्ये चष्म्याचं घर आणि हे दोन्ही आलं तर फारच छान, म्हणजे त्यांना कळेल की तक्रार करणारी बाई कोण आहे आणि किती जीव लावून वाचते.

इमेल बहुतेक कॉलमच्या शेवटी दिलेला असतो, नसेल तर पेपरच्या संपादकीय विभागाच्या पत्त्यावर त्यांच्या नावाने पाठवा. उत्तर आलं तर आनंद, नाही आलं तर लगेच दुसरं पत्र नको. लोक खूप लिहितात आणि त्यांना पुढच्या आठवड्याचा लेखही द्यायचा असतो.

आणि घरी जाणं, ते नको. अगदी मनापासून सांगते. कॉलममधला ‘मी’ आणि घरात दार उघडणारा माणूस यात बरंच अंतर असतं, आणि ते असायला त्यांची काही लबाडी लागत नाही. ललित मासिकात ठणठणपाळ या टोपणनावाने एक लेखक लिहायचे, हातात मोठा हातोडा घेतलेलं त्यांचं चित्र वसंत सरवटे काढायचे, साहित्यातल्या भल्याभल्यांच्या टोप्या उडवायचे, आणि हे नक्की कोण यावर वाचकांचे तर्क चालायचे. ते होते जयवंत दळवी. तेच दळवी दुसरीकडे झोपडपट्टीतल्या माणसांची कादंबरी लिहीत होते, एकाकी म्हाताऱ्या नवरा-बायकोचं जीव कासावीस करणारं नाटक लिहीत होते. हातोडेवाला शोधत कोणी त्यांच्या दारात गेला असता तर त्याला नक्की कोण भेटलं असतं? तुमच्या लेखिकेने तुम्हाला जे द्यायचं ते लेखात भरभरून दिलंय, घर त्यांचं आहे.

लांबूनसुद्धा नातं किती खोल जातं बघा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहायचे, माणसांपासून, समारंभांपासून लांब, पण पत्रं भरभरून लिहायचे. सुनीताबाई देशपांडे आणि ते यांच्यातली पत्रं आता पुस्तकांत आहेत, जरूर वाचा, पुस्तकांवर, माणसांवर, दुःखावर दोघं किती मोकळेपणाने बोलतात. भेटींपेक्षा पत्रंच जास्त. तुम्हाला भेटायचंच असेल तर त्यांचं एखादं व्याख्यान, पुस्तक प्रकाशन असेल तेव्हा जा, पुढे बसा, कार्यक्रम संपल्यावर नाव सांगा. पत्र आधी गेलेलं असलं तर ‘नांदेडच्या शिक्षिका’ म्हटल्यावर कदाचित त्यांच्या लगेच लक्षात येईल!

प्रश्न : ताई, माझ्या आवडत्या कॉलमनिस्टचा लेख आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली चक्क वपुंचं नाव. मी सांगितलं हा त्यांचा नाही, तर अ‍ॅडमिन म्हणाले नावात काय आहे, विचार चांगला आहे ना. मी चिडून ग्रुप सोडला. चुकलो का? (ठाणे)

उत्तर : चीड आली हे बरोबरच. आपल्याकडे डोळ्यात पाणी आणणारा कुठलाही मजकूर एक तर वपुंचा होतो नाहीतर पुलंचा, आणि ज्याने रात्र जागून लिहिला तो बिचारा कुठेच नसतो. कायदाही तुमच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की लेखकाने हक्क दुसऱ्या कोणाला दिले असले तरी ‘हे मी लिहिलंय’ असं म्हणायचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. आणि कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं असतो.

पण ग्रुपवर परत जा. तुम्ही बाहेर पडलात की त्या लेखाचा खरा लेखक सांगणारा तिथे कोणी उरला नाही. भांडू नका, मूळ लेखाची लिंक टाका आणि वर लेखकाचं नाव, तारीख, बस. लिंक सापडत नसेल तर लेखातलं एक जरा वेगळं वाक्य अवतरण चिन्हात टाकून सर्च करा, बऱ्याचदा मूळ सापडतं. पुढच्या वेळी दोन बाण असलेला फॉरवर्ड, म्हणजे खूप हातांतून आलेला, दिसला की नाव तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. आणि पूर्ण लेख कॉपी करून टाकण्यापेक्षा लिंकच द्या, लेख किती जणांनी उघडला हे पेपरवाले बघतात, कॉलम चालू ठेवायचा का बंद करायचा हे ठरवताना त्याचाही विचार होतो.

प्रश्न : आमच्या बाबांचे आवडते स्तंभलेखक वारले. बाबा आता ८१ वर्षांचे आहेत, त्यांना ते जुने लेख परत वाचायचेत, पण साइटवर काहीच सापडत नाही, एकदोन उघडले तर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. काही उपाय? (बेळगाव)

उत्तर : ती अक्षरं बघून निराश होऊ नका, लेख बहुधा शाबूत आहे. पूर्वी मराठी पेपरांच्या साइट्स युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत नव्हत्या, प्रत्येकाचा आपापला फाँट असायचा, तो कॉम्प्युटरवर नसेल तर मजकूर असा गिचमिड दिसतो. कुठला फाँट होता ते शोधा आणि त्याचा युनिकोड कन्व्हर्टर नेटवर मिळतो का बघा, त्यात मजकूर टाकला की देवनागरी होतो. काही जोडाक्षरं बिघडतील, ती हाताने दुरुस्त करायची.

पान उघडतच नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून बघा, तिथे १९९६ पासूनची पानं साठवलेली आहेत, सगळी नाहीत पण नशिबाने मिळतात. तिथेच ‘सेव्ह पेज नाऊ’ आहे, जे लेख आज दिसताहेत ते त्यात लगेच जतन करून ठेवा. लेखांचं पुस्तक निघालंय का हेही प्रकाशकांकडे विचारा, मराठीत चांगल्या कॉलमची पुस्तकं बऱ्याचदा निघतात आणि मग दुकानात मागे पडून राहतात. बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या अंकांच्या फायली आहेत का तेही विचारा. आणि जे मिळेल त्याचे मोठ्या टाइपात प्रिंट काढा, ८१ व्या वर्षी फोनवर वाचायला त्रास होतो. बाबांना विचारा आधी कुठला लेख हवाय, तिथूनच शोधायला सुरुवात करा.