मुरुमांचे खड्डे आणि आरएफच्या सुया

प्रश्न : वय 27, गालांवर मुरुमांचे जुने खड्डे आहेत. एप्रिलअखेर लग्न आहे. धरमपेठेतल्या एका क्लिनिकने आरएफ मायक्रोनीडलिंगच्या तीन सिटिंग सांगितल्या, जानेवारीपासून दरमहा एक. लग्नापर्यंत चेहरा सपाट होईल का? (वाचक, मनीषनगर)

उत्तर : नाही, आणि हे पैसे भरण्याआधीच तुम्हाला सांगायला हवं होतं. या उपचारात बारीक सुया त्वचेत शिरतात आणि त्यांतून रेडिओ लहरींची ऊर्जा सोडली जाते. आतला थर साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत तापतो, जुनं कोलॅजन (त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन) आकसतं आणि जखम भरताना नवं तयार होतं. त्याला तीन ते सहा महिने लागतात. तिसरी सिटिंग मार्चमध्ये झाली तर तिचा खरा फरक जूननंतरच कळेल. लग्नात दिसेल तो मुख्यतः पहिल्या दोन सिटिंगचा, तोही अर्धवट. शेवटची सिटिंग आणि हळद यांत निदान महिनाभर अंतर ठेवाच.

त्याआधी खड्डे कसे आहेत ते बघा. आरशासमोर उजेड बाजूने घ्या आणि गाल बोटांनी ताणा. ताणल्यावर पुसट होणारे, पसरट, उथळ खड्डे या उपचाराने बरे भरतात. काटा रुतल्यासारखे अरुंद, खोल खड्डे फारसे हलत नाहीत; त्यांच्या तळाशी काडीने तीव्र टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड) लावतात, त्याला टीसीए क्रॉस म्हणतात. खालून तंतूंनी ओढून धरलेल्या खड्ड्यांचे तंतू आधी सुईने सोडवावे लागतात, ते सबसिजन. बहुतेक चेहऱ्यांवर हे सगळे प्रकार मिसळलेले असतात. म्हणून सगळ्यांना सरसकट तीन सिटिंगचं पॅकेज देणाऱ्यावर आमचा भरवसा नाही. मुरुमं अजून येत असतील तर आधी ती थांबवा.

क्लिनिकमध्ये सुयांची टिप सीलबंद आहे ना आणि तुमच्यासमोर उघडतात ना, हे डोळ्यांनी बघा. वापरलेली टिप म्हणजे संसर्ग, शिवाय बोथट सुया. भूल देणारं क्रीम 45 मिनिटं ते तासभर ठेवून पूर्ण पुसावं आणि त्वचा कोरडी करावी. सुया शिरण्याची खोली गालावर 2 मिलिमीटरच्या आसपास असते. कपाळावर आणि जबड्याच्या कडेला, जिथे हाड लगेच लागतं, तिथे त्याहून कमी. हँडपीस, म्हणजे टिप बसवलेला हातात धरायचा भाग, त्वचेवर सपाट टेकायला हवा. तो कलला की एका बाजूच्या सुया अर्ध्याच शिरतात, उष्णता वरच्या थरात सुटते आणि तिथे भाजतं. आपल्या सावळ्या त्वचेला मुळाशी आवरण असलेल्या, म्हणजे इन्सुलेटेड सुया जास्त सुरक्षित, कारण ऊर्जा फक्त टोकाशी सुटते. मशीनची जाहिरात बाजूला ठेवून डॉक्टरांना हेच विचारा.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी पहिली सिटिंग झाली. गालावर जाळीसारखे तपकिरी ठिपके राहिले. रोज स्कूटीने हिंगण्याला जाते, पण दुपट्टा बांधूनच. (वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ते टिपचे ठसे आहेत. बारीक खपल्या बहुधा आठवड्यात गळतात; त्यानंतर उरलेला तपकिरीपणा हा दाहानंतरचा रंग. दुपट्ट्यातून ऊन शिरतं, आतला घाम आणि कापडाचं घासणं वेगळंच. एसपीएफ 30 किंवा जास्त, आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन दोन बोटं भरून लावा, दुपारी पुन्हा. दुपट्टा सुती, सैल आणि रोज धुतलेला असू द्या. स्क्रब, लिंबू, संत्र्याच्या सालीची पूड, ब्लीच, काहीच नको. रंग जायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर पुढची सिटिंग थांबवा आणि नंतर ऊर्जा कमी ठेवायला सांगा.

मात्र फोड, पू, वाढत जाणारं दुखणं, बधिरपणा किंवा गालात पडलेली खळगी, यातलं काही असेल तर वाट पाहू नका. त्याच डॉक्टरांकडे आजच जा. ते टाळत असतील तर नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत दाखवा.

प्रश्न : आई 58 वर्षांची, पेसमेकर आहे. मानेची सैल त्वचा आवळण्यासाठी हे करता येईल का? घरचं मशीन चालेल? (वाचक, सदर)

उत्तर : दोन्ही नाही. रेडिओ लहरींमुळे पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. गरोदरपण आणि केलॉइडची (जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण येण्याची) प्रवृत्ती असतानाही हा उपचार टाळतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या उपचारानंतर भाजणं, व्रण, चरबी विरघळणं आणि नसांना इजा अशा तक्रारी आल्याचं जाहीर करून हे घरी करू नका, असं बजावलं आहे. आईंसाठी रोजचं सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए वर्गातलं) क्रीम, एवढ्याने सुरुवात करा.