दम्यावर अ‍ॅक्युपंक्चरचं संशोधन वाचताना

‘अ‍ॅक्युपंक्चरने दमा आटोक्यात येतो हे सिद्ध झालंय का, आणि त्यावरचं संशोधन कुठून वाचायला सुरुवात करू?’ असं तुम्ही विचारलंय. सुरुवात कॉक्रेनच्या आढाव्यापासून करा; ही संस्था एकेका उपचारावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून तपासते. 12 चाचण्या, सगळे मिळून 350 रुग्ण, आणि निष्कर्ष असा की शिफारस करण्याइतका पुरावा नाही. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आमच्या मामांचं तर नाहीच.

आईचा दमा जुना. मामांनी हट्टाने तिला सुया टोचून घ्यायला नेलं. मी आडवा आलो नाही. फक्त पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते दाखवणारी नळी, आणून दिला आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहायला लावला. थोड्याच दिवसांत आई म्हणायला लागली, छाती मोकळी वाटते, झोप लागते. मामा खूश. वहीतला आकडा मात्र मिनिटाला 250 लिटरच्या आगेमागेच. वही पुढे केली तर मामा म्हणाले, ‘दमा तुझ्या त्या नळीला आहे की तुझ्या आईला?’ सगळे हसले. वर स्टेरॉइडचा इन्हेलर आता बंद कर म्हणून आईच्या मागे लागले. ते मी होऊ दिलं नाही, आणि त्यावरून आजही आमचं वाजतं.

आई खोटं बोलत नव्हती. 2011 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेला प्रयोग बघा. त्याच रुग्णांना आलटूनपालटून साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळं करणारं औषध) असलेला इन्हेलर, औषध नसलेला इन्हेलर आणि खोट्या, म्हणजे टोचल्यासारख्या वाटणाऱ्या पण त्वचेत न शिरणाऱ्या सुया दिल्या. कधी काहीच दिलं नाही. रुग्णांना स्वतःला वाटलेली सुधारणा पहिल्या तिन्हींत 45 ते 50 टक्के, काहीच न देता 21. पण पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजली, तर औषधाने 20 टक्के वाढ आणि बाकी सगळ्यांत 7 च्या आसपास.

म्हणून कुठलाही पेपर उघडला की आधी बघा: मोजलंय काय, श्वास की वाटणं? आणि तुलनेला खोट्या सुया होत्या का? मामा मला 2017 चा जर्मन अभ्यास पाठवतात. त्यात जीवनमान सुधारलं हे खरं, पण सुया कुणाला मिळाल्या हे रुग्णांना माहीत होतं. चीनमधल्या चाचण्यांवर तर माझा विश्वास नाही. 1998 च्या एका पडताळणीत तिथली अ‍ॅक्युपंक्चरची एकूण एक चाचणी यशस्वी निघाली होती. असं कुठल्याच उपचाराचं होत नाही.

आता मामांच्या बाजूनेही दोन गोष्टी. 2011 चा प्रयोग जेमतेम 39 जणांनी पूर्ण केला, आणि त्यात खऱ्या सुया नव्हत्याच. शिवाय झोप लागणं ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. सुया घ्यायच्या तर घ्या, इन्हेलर चालू ठेवून. छाती-पाठीवर टोचणार असतील तर दमा असल्याचं आधी सांगा. क्वचित फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या नोंदी आहेत. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस कमी करायचा नाही, कुणाचेही मामा काहीही म्हणोत.