क्यूडिस्कचं इनिट फसल्यावर मेमरी कोणी सोडायची?

तुमच्या क्यूडिस्क मॉड्यूलला (लिनक्स कर्नलमधला, नेटवर्कची पॅकेट रांगेत लावणारा भाग) चुकीचा पर्याय दिला की टीसी, म्हणजे क्यूडिस्क जोडणारी आज्ञा, एरर देऊन थांबते आणि थोड्या वेळाने कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतो, असं तुम्ही लिहिलंय. हा त्रास मी पुरेपूर भोगलाय. मॉड्यूल बांधणं वगैरे तुम्हाला येतंच, तेव्हा थेट मुद्दा.

तुम्ही दिलेल्या कोडच्या तुकड्यात इनिट (क्यूडिस्कची सुरुवातीची मांडणी करणारं फंक्शन) फसताना टेबलची मेमरी केफ्रीने सोडली जातेय आणि डिस्ट्रॉयमध्येही (क्यूडिस्क मोडणारं फंक्शन) तेच होतंय. लिनक्समध्ये 2017 पासून इनिट फसलं तरी डिस्ट्रॉय बोलावलं जातं, म्हणजे एकच मेमरी दोनदा सुटते. इनिटमधली केफ्री काढा. क्यूडिस्कचा खाजगी भाग शून्यांनी भरूनच मिळतो आणि नल पॉइंटरवर केफ्री निर्धोक असते.

टायमरचं मात्र तसं नाही. इनिटच न केलेला वॉचडॉग (क्यूडिस्कचा टायमर) डिस्ट्रॉयमध्ये रद्द करायला गेलात तर कर्नल तिथेच पडतो. म्हणून वॉचडॉगचं इनिट पर्याय तपासण्याच्या आधी, अगदी वर हवं. टीबीएफ आणि नेटेम या कर्नलमधल्या क्यूडिस्कमध्येही 2017 मध्ये हीच दुरुस्ती झाली.

मला सर्वात महाग पडला तो कर्नल पुरवणाऱ्यांचा सपोर्ट विभाग. क्रॅश दर वेळी वेगळ्या जागी दिसतो, म्हणजे हार्डवेअरच खराब, हे त्यांनी धरूनच ठेवलं. रॅम बदलायला लावली, मग मदरबोर्ड. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू असलेला कर्नल मागितला तर ‘असं कॉन्फिगरेशन आम्ही सपोर्ट करत नाही’! मेमरी दोनदा सुटली की फटका दुसऱ्याच कोणाला बसतो, हे कर्नल विकणाऱ्यांना समजावून सांगावं लागतं याचा मला अजून संताप येतो. शेवटी मूळ कर्नल केसॅनसह बांधला, तेव्हा पहिल्याच अहवालात मेमरी कुठे घेतली आणि कुठे सोडली, दोन्ही स्टॅक समोर आले.

तुमचा पूर्ण कोड मी पाहिलेला नाही, तेव्हा माझं निदान पडताळून घ्या. कर्नल विक्रेत्याचा असेल तर आवृत्तीच्या क्रमांकावर विसंबू नका, बॅकपोर्टमुळे (नव्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत घातल्यामुळे) तो फसवतो. त्याच सोर्समधलं क्यूडिस्क-क्रिएट हे फंक्शन उघडून वाचा, इनिट फसल्यावर डिस्ट्रॉय बोलावलं जातं का ते तिथे दिसेल.

चाचणी डमी (खोट्या) नेटवर्क इंटरफेसवर करा: एकही पर्याय न देता क्यूडिस्क जोडा, मग फेलस्लॅब (मेमरी-मागणी मुद्दाम फसवणारी कर्नलची सोय) लावून इनिटमधली प्रत्येक मेमरी-मागणी एकेकदा फसवा. डीफॉल्ट क्यूडिस्क म्हणून लावूनही पाहा. तिथे पर्याय मुळीच येत नाहीत, आणि बरेच जण नेमकी हीच वाट तपासायची सोडतात.